नाडी बावन्न

अमरावतीच्या बाहेर, अकोला रस्त्याला एक खासगी विद्यापीठ आहे. तिथल्या मैदानावर गेली पंचवीस वर्षं रोज पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या आधी हजर कोण, तर वच्छला मॅडम. पांढरे बूट, निळा ट्रॅकसूट, घट्ट अंबाडा, गळ्यात शिट्टी. चौकीदाराला उठायला उशीर झाला तर मॅडम गेटवरून चढून आत यायच्या. पन्नाशी उलटल्यावरसुद्धा. पोरं हे पाहून गार व्हायची.

वच्छला मूळची हिवरखेडची, तेल्हारा तालुक्यातल्या माळ्याच्या घरची. दीड एकर मळा, त्यात मेथी, वांगी आणि दसरा-दिवाळीला झेंडू. आई बाजारात भाजी विकायला बसायची आणि वच्छला शाळेआधी टोपलं पोचवून द्यायची. शाळेत शेषराव सर खेळ शिकवायचे. वच्छला आठवीत असताना तालुक्याच्या शर्यतीत चौथी आली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सरांनी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि म्हणाले, "टोपलं डोक्यावर असलं की बाजारात बरी पळते. मैदानावर काय होते वं तुले?" सगळी शाळा हसली. पुढच्या वर्षी वच्छला जिल्ह्यात पहिली आली.

त्यानंतर सगळं त्या जोरावर झालं. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज, पदवी, मग या विद्यापीठात नोकरी. सासर अकोल्याचं, नवरा तिथं बँकेत, म्हणून शनिवार-रविवार अकोला आणि बाकी दिवस अमरावती. पण काही झालं तरी प्रार्थनेच्या वेळची ती गोष्ट वच्छला विसरली नाही. दरवर्षी नव्या पोरांना ती सांगायची. "मला लाज वाटली म्हणून मी पळाले. तुम्हालाही थोडी वाटू द्या." तिचा त्यावर मनापासून विश्वास होता.

कोरोना ओसरल्यावर विद्यापीठातले दोन प्राध्यापक वर्षभराच्या आत हृदयविकारानं गेले. दोघंही पन्नाशीच्या आतले. तेव्हा कुठं वरच्या लोकांना जाग आली आणि 'निरोगी विद्यापीठ' नावाचा उपक्रम निघाला. जबाबदारी वच्छलाकडे आली. इतकी वर्षं ती घसा कोरडा करून सांगत होती, ते आता लेखी आदेशात आलं होतं. तिला अंगात दहा हत्तींचं बळ आल्यासारखं झालं.

तिनं काम खरंच मोठं केलं. पाच वाजता ऑफिस सुटलं की कर्मचाऱ्यांनी मैदानाच्या तीन फेऱ्या मारायच्या आणि मगच गाडीला किक. दोन मजल्यांपर्यंत लिफ्ट बंद. कॅन्टीनमध्ये समोशाशेजारी उकडलेले चणे आले. होस्टेलच्या मेसमधलं भाजीवरचं तेल कमी झालं, त्यावर पोरांनी मोर्चा काढला, तो तिनं एकटीनं परतवला. परीक्षा विभागातले मोठे बाबू भगवंतराव पहिल्या फेरीतच धापा टाकत कट्ट्यावर बसायचे. वच्छला त्यांच्यासमोर उभी राहून म्हणायची, "बाबू, फाईल पुढं सरकवता तसं जरा स्वतःलेही सरकवा." आजूबाजूचे हसायचे. भगवंतरावही हसायचे आणि उठायचे. सहा महिन्यांत त्यांची साखर उतरली. त्यांच्या बायकोनं वच्छलासाठी घरून पुरणपोळ्या पाठवल्या. त्या तिनं सगळ्या स्टाफला वाटून टाकल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही.

त्या यशानं तिला वाटलं, आता विद्यार्थ्यांचंही असंच करू.

जानेवारीत सभागृहात सगळ्यांची तपासणी ठेवली. उंची, वजन आणि बोटाला यंत्र लावून नाडी. पाचशे पोरं-पोरी रांगेत उभी होती, गोंगाट होता, म्हणून वच्छलानं माईक घेतला. एकेकाचं नाव आणि आकडे ती मोठ्यानं वाचायची आणि तीच समोरच्या रजिस्टरमध्ये लिहायची. वजनाप्रमाणं नावापुढं हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. ही यादी फलकावर लागणार होती. ठिपक्यांची कल्पना तिचीच.

दुपारी एक मुलगी वजनकाट्यावर चढली. बीएस्सीचं दुसरं वर्ष, होस्टेलला राहणारी, अचलपूरची. नाव आचल. चेहरा सुजल्यासारखा, केस विरळ, आवाज घोगरा.

"उंची एकशे अठ्ठावन्न. वजन ब्याण्णव," वच्छलानं वाचलं.

मागून कुणीतरी पोट्टा बोलला, "नावच अचल आहे. हे काय हलते?"

सभागृह हसलं. आणि वच्छलालाही हसू आलं. क्षणभरच. पण ती वजनकाट्याशेजारी उभी होती आणि आचल तिच्याकडेच पाहत होती.

"हसू नका," वच्छला लगेच माईकवर म्हणाली. "जूनपर्यंत हीच मुलगी तुम्हाला मागं टाकते की नाही पाहा." मग माईक बाजूला करून आचलला म्हणाली, "उद्यापासून साडेपाचला मैदानावर. समजलं?"

आचलनं मान हलवली.

ती आली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, रोज आली. होस्टेलच्या इतर पोरी आठवड्याभरात गळाल्या. आचल गळाली नाही. वच्छला तिच्यासोबत स्वतः फेऱ्या मारायची. पोरीत चिकाटी आहे हे तिला दिसत होतं आणि आतून बरंही वाटत होतं. पण वजन हलेना. महिनाभरानं तर अर्धा किलो वाढलं.

"काय खातेस?" वच्छलानं विचारलं.

"मॅडम, मी रात्रीचं जेवणच सोडलं आहे."

"मग हे वजन हवेनं वाढलं का? घरून डबा येते का? चिवडा, शंकरपाळे?"

"नाही मॅडम."

"माझ्याशी खोटं नको बोलू. बावीस वर्षं पोरं पाहून राहिली मी."

दुसऱ्या दिवसापासून आचलनं सकाळचा नाश्ताही सोडला. हे वच्छलाला फार पुढं कळलं.

मार्च लागला. वऱ्हाडातला मार्च म्हणजे सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं. सगळी पोरं अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर यायला लागली आणि आचल मैदानावर स्वेटर घालून यायची. राखाडी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"स्वेटर काढ," वच्छला म्हणाली.

"मॅडम, मले थंडी वाजते."

"मार्चमध्ये? अंग झाकलं म्हणून वजन झाकलं जाते का? लपून काही होत नाही. काढ."

आचलनं स्वेटर काढला, कमरेला बांधला आणि धावायला लागली. पुन्हा दोनदा ती तेच म्हणाली. वच्छलानं दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीला आचल गोलपोस्टजवळ कोसळली. वच्छलानं आणि दोन पोरींनी तिला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. हात बर्फासारखे होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं, विचारलं, "हिनं केव्हापासून जेवण सोडलं आहे?" दुपारी वडील आले आणि पोरीला अचलपूरला घेऊन गेले. परीक्षा तोंडावर होती. आचल परीक्षेला आली नाही.

जूनमध्ये वडील एकटेच आले. धर्मपाल त्यांचं नाव, अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाडा डेपोत एसटीचे ड्रायव्हर. खाकी कपड्यांवरच आले होते. त्यांना कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायचा होता, पण त्याआधी ते वच्छलाच्या खोलीत आले आणि उभे राहिले.

"बसा ना," वच्छला म्हणाली. "आचल कशी आहे?"

"आता बरी हाय. थायरॉइड निंघालं मॅडम तिले. डॉक्टर म्हणे, वर्षाच्या वर झालं असन. गळ्यातली गाठ कामच करत नव्हती म्हणे. त्याच्यानं वजन वाढे, थंडी वाजे, केस गळे. गोळी सुरू केली तं महिनाभरात तोंडावरची सूज उतरली."

वच्छलानं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"वापस पाठवतो म्हटलं तं नाई म्हणते. इतलं चांगलं शिकत होती. जाऊ द्या." धर्मपालनं टोपी हातात फिरवली. "मॅडम, तुमचे उपकार सांगाले आलो होतो. पोरगी सांगे, मॅडम रोज संग पळते. तुमी गंज मेहनत घेतली तिच्यासाठी. आमाले घरी असून समजलं नाई, तं तुमाले कसं समजीन?"

सांगायचं असतं तर तो क्षण होता. ती मला तीन वेळा म्हणाली होती, थंडी वाजते, आणि मी ऐकलं नाही. एवढंच वाक्य. ते वच्छलाच्या ओठांपर्यंत आलं. मग तिनं शिपायाला चहा सांगितला. धर्मपालनं चहा घेतला, लागला तर असू द्या म्हणून आपला आणि पोरीचा फोन नंबर एका कागदावर लिहून दिला आणि नमस्कार करून गेले.

ते गेल्यावर तिनं जानेवारीचं रजिस्टर काढलं. तिच्याच अक्षरात ओळ होती. आचल, उंची १५८, वजन ९२, नाडी ५२. आणि नाडीच्या आकड्यापुढं पेन्सिलीनं तिनंच लिहिलं होतं, 'यंत्र?'

म्हणजे तिला त्या दिवशीच खटकलं होतं. रोज धावणाऱ्या खेळाडूची नाडी बावन्न असते. बसून अभ्यास करणाऱ्या, जड अंगाच्या पोरीची नसते. डिप्लोमाच्या वर्गाला ग्रंथींचा धडा वच्छला दरवर्षी स्वतः शिकवायची, फळ्यावर गळ्याची आकृती काढून. सुजलेला चेहरा, घोगरा आवाज, थंडी सहन न होणं, नाडी मंद होणं, ही यादी तिला तोंडपाठ होती. तिनं यंत्रावर संशय घेतला आणि पुढचं नाव वाचलं. दोन बोटं मनगटावर ठेवून मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं.

फलकावरची यादी तिनं त्याच दिवशी उतरवली. पण बोलली कुणाशीच नाही.

डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या वार्षिक कार्यक्रमात 'निरोगी विद्यापीठ'ला वर्षातला सर्वोत्तम उपक्रम म्हणून गौरवलं. गेटवर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर सभागृहातला फोटो होता. वच्छला माईक घेऊन उभी, आणि वजनकाट्यावर पाठमोरी एक जाड मुलगी. ती कोण हे फक्त वच्छलाला ओळखू आलं. भगवंतराव व्यासपीठावर बोलायला उठले. म्हणाले, "मॅडम नसत्या तर मी आज इथं उभा नसतो." ते खोटं बोलत नव्हते. वच्छलानं शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि सत्काराला उत्तर द्यायला सांगितल्यावर 'धन्यवाद' म्हणून खाली उतरली. लोकांना वाटलं, बाई किती साधी आहे.

पुढचं अख्खं वर्ष असंच गेलं. उपक्रम चालू राहिला, ती फेऱ्या मारत राहिली. नंबरचा कागद पर्समध्ये होता. दोनदा तिनं आचलचा नंबर फोनमध्ये टाकला आणि पुसला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला वच्छला हिवरखेडला गेली. धाकटा भाऊ गोपाल आता मळा पाहतो. ओवाळून झाल्यावर तो उरलेला झेंडू तोडायला निघाला, तर तीही सोबत गेली. ओळीत वाकून फुलं तोडता तोडता तिनं भावाला सगळं सांगितलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

शेवटी म्हणाली, "माझं चुकलं कुठं माहीत आहे काय? मले वाटलं, शेषराव सरानं मले जसं पळवलं, तसंच मी तिले पळवीन."

गोपाल उभा राहिला. "शेषराव सरानं? त्यायनं तुले कधी पळवलं?"

"तुले आठवत नाही. तू लहान होता. प्रार्थनेच्या वक्ती टोपल्यावरून बोलले होते."

"मले चांगलं आठवते. तिसरीत होतो मी, त्याच रांगेत उभा होतो. पण तू तं त्याच्या पयलेपासून पळे, ताई. टोपलं बाजारात टेकवलं की मळ्यापर्यंत पळत येये. कोणी बोललं म्हणून नाही. तुले आवडे म्हणून." त्यानं हातातली फुलं टोपल्यात टाकली. "सर बोलले, त्याच्यानंतर तू टोपलं घेणंच सोडलं. मैत्रिणीसंग बाजारातून जाताना आईकडे पाहे नाही तू. आई रोज एकटी दोन खेपा करे. मले म्हणे, वच्छीले आता माही लाज वाटते."

वच्छलाच्या हातातली फुलं तशीच राहिली. हे तिला आठवत नव्हतं. गोपाल बोलायला लागला आणि एकदम सगळं आठवलं. वडाखाली बसलेली आई, समोर मेथीच्या जुड्या, आणि आपण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं, मान खाली घालून. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती पोरांना जी गोष्ट सांगत आली, तिच्यातला हा भाग तिनं कधी सांगितलाच नव्हता, कारण तो तिनं पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला गेली नाही. अकोट, अंजनगाव करत एसटीनं अचलपूरला उतरली. पत्ता फोनवरून धर्मपालनं सांगितला, आवाजात तोच आदर. "या ना मॅडम, पोरीले आनंद होईन."

आचल बसस्टँडजवळच्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात काम करत होती. दुकानात पोलीस भरतीचे फॉर्म भरायला पोरांची गर्दी होती. आचल कॉम्प्युटरसमोर बसली होती. बरीच बारीक झालेली, केस दाट झालेले. वच्छलानं आधी तिला ओळखलंच नाही. आचलनं मात्र लगेच ओळखलं. "बसा मॅडम," म्हणाली. "हे तीन फॉर्म झाले की येते."

वच्छला बाकावर पोरांच्या शेजारी पाऊण तास बसली. मग आचल उठून आली.

"आचल, मी माफी मागायला आले," वच्छला म्हणाली. तिनं वाटेत बरंच जुळवून आणलं होतं, त्यातलं एवढंच आठवलं. "तुझी नाडी बावन्न आहे, हे मीच रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. तुझ्या वडिलांनाही मी खरं सांगितलं नाही."

आचल रागावलेली दिसत नव्हती.

"मॅडम, वजन वाचलं त्याचं मले तितलं नाही वाटलं," ती म्हणाली. "पोट्टे हसले, त्याचंही नाही. शाळेपासून सवय होती. तुमी हसल्या ते लागलं. मंग मले वाटलं, बाईनं एवढं लावून धरलं, संग पळून राहिली, तं आपण खोटारडी नाही हे दाखवून द्यावं. म्हणून जेवण सोडलं."

"मी पुन्हा प्रवेशाचं पाहते. दीडच वर्ष गेलं आहे. मी स्वतः..."

"नको." तिनं शांतपणे सांगितलं. "इथूनच बाहेरून बीए करून राहिली मी. त्या मैदानावर मले नाही यायचं."

"बरं."

"बाबाले सांगू नका. ते तुमाले लय मानतात. त्यायचं तेवढं राहू द्या."

वच्छलाला हे सगळ्यांत जड गेलं. ती सांगायलाच आली होती, आणि आता तेही तिच्या हातात राहिलं नाही.

"फोन करू का कधी?" तिनं विचारलं.

"मीच करीन, वाटलं तर," आचल म्हणाली. तिकडे काउंटरवर कुणीतरी आवाज दिला, तशी ती आत गेली.

त्यानंतरच्या जुलैमध्ये नवे विद्यार्थी आले. सभागृहात वच्छला नेहमीसारखी बोलायला उभी राहिली आणि शेषराव सरांच्या गोष्टीच्या जागी तिनं ही गोष्ट सांगितली. मुलीचं नाव, गाव, काही सांगितलं नाही. स्वतःचं सगळं सांगितलं, हसल्याचंसुद्धा. खाली उतरल्यावर भगवंतराव जवळ आले. "मॅडम, कोणालेच माहीत नव्हतं. काहून सांगितलं?"

"म्हणूनच सांगितलं बाबू," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मी तुमाले फाईलवरून बोलायची. तुमाले लागत होतं काय?"

भगवंतराव खाली पाहून हसले. "लागे कधी कधी. घरी नाही सांगितलं कधी."

आता तपासणी एका बंद खोलीत होते, एका वेळी एकच जण. वच्छला नाडी स्वतः बोटांनी मोजते आणि आधी विचारते, झोप लागते का, थकवा येतो का, थंडी वाजते का. एकेकाला दहा मिनिटं लागतात, त्यामुळं पाचशे जणांची तपासणी दीड महिना चालते. आकडे वेळेवर जात नाहीत म्हणून वरून विचारणा होते. गौरव वगैरे पुन्हा झाला नाही. संध्याकाळच्या फेऱ्यांनाही निम्मेच लोक उरले, कारण आता कुणी कुणाला ओढून आणत नाही.

पहिल्या वर्षी तिनं चौदा जणांना रक्त तपासायला पाठवलं. तिघांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही निघालं आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक मुलगी पेढे घेऊन आली. वच्छलानं पेढा घेतला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गेल्यावर दार लावून थोडा वेळ खोलीत बसून राहिली.

निवृत्तीला तिला आता दोन वर्षं आहेत. अचलपूरहून फोन आलेला नाही.